सिगुत्ते सार!

चामराजपेटेत माणूस हरवणं तसं कठीण. १८९२ साली बंगळूरच्या जुन्या किल्ल्याजवळ ही वस्ती आखली गेली, चामराज वोडेयरांचं नाव तिला मिळालं, आणि रस्ते सरळसोट काढले गेले. एका दिशेनं जातील ते मेन, त्यांना छेदतील ते क्रॉस, आणि सगळ्यांना नंबर. फोर्थ मेन, सिक्स्थ क्रॉस एवढं सांगितलं की रिक्षावाला दारात आणून सोडतो. किती घेतो, तो विषय वेगळा. ज्यानं कोणी ही आखणी केली त्याच्या हाती आमच्या ऑफिसचे कागद दिले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

कन्नड साहित्य परिषदेच्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑडिटचं ऑफिस आहे. खिडक्यांना वरून लाकडी झालर, आत एसी आणि जिन्यात सदोदित कॉफीचा वास. अशिलांमध्ये निम्मे कन्नड, काही मारवाडी आणि बरेचसे आपले, म्हणजे विटा, खानापूर, आटपाडीकडून आलेले गलाईवाले. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात सांगली जिल्ह्यातली माणसं देशभर पसरलेली आहेत. बंगळुरात ती नगरथपेट आणि अ‍ॅव्हेन्यू रोडच्या बोळांत भेटतात. कचऱ्यातून, झाडलोटीच्या धुळीतूनसुद्धा सोन्याचा कण वेगळा काढणारी ही माणसं. पण दुकानाचा भाडेकरार कुठे आहे विचारलं की बिनधास्त सांगतात, "तुमच्याकडंच दिलाय की वो साहेब."

आणि ते खरं असतं. कागद आमच्याकडेच असतो. तो हरवलेला नसतो, चोरीला गेलेला नसतो, वाळवीनं खाल्लेला नसतो. फक्त सापडत नसतो.

पूर्वी हे काम अण्णांकडे होतं. अण्णा रेकॉर्ड सांभाळतात. त्यांचं वय कोणी विचारत नाही, ऑफिसपेक्षा थोडं जास्त असावं. लोखंडी रॅक, त्यांवर बॉक्स फायली, पांढऱ्या नाडीनं बांधलेले गठ्ठे, आणि कुठेही एक चिठ्ठी लावलेली नाही. फाइल मागितली की अण्णा मान तिरकी करून म्हणायचे, "सिगुत्ते सार." मिळेल साहेब. मग "नोडोण" म्हणजे बघू या म्हणत ते आत जायचे आणि बाय टू, म्हणजे एकीतली दोघांत वाटलेली, कॉफी संपायच्या आत फाइल टेबलावर यायची. त्यांची पद्धत मी बऱ्याच निरीक्षणानं ओळखली. जे अशील आरडाओरडा करतात त्यांच्या फायली हाताच्या उंचीवर. जे गरीब स्वभावाचे, थांबायला तयार असतात, ते वरच्या फळीवर, शिडी लावल्याशिवाय हात पोचू नये असे. ज्यांचे भाऊभाऊ कोर्टात गेले त्यांच्या फायली अण्णांच्या खुर्चीमागे, कारण एका भावाची फाइल दुसऱ्या भावाच्या नजरेला पडता कामा नये. वारलेले अशील बाथरूमच्या बाजूला. या वर्गीकरणाला शास्त्रात काय म्हणतात माहीत नाही, पण त्यात मनुष्यस्वभावाचा जो अभ्यास होता तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मी पाहिलेला नाही.

शिवाय अण्णांच्या मागे परंपरा होती. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले. आत काय आहे ते रुमाल सोडल्यावर कळणार. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० पासून चार-पाच वर्षांत त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, ते मोडी वाचणारी माणसं बसवून, गठ्ठ्यामागून गठ्ठा उलगडून. तिथे 'सर्च' नावाचं बटण नव्हतं. शोधायचं म्हणजे वाचायचं, एवढाच मार्ग होता. आज आमच्या ऑफिसात कागद वाचण्याचा उपाय कोणी सुचवला तर त्याच्याकडे लोक वेगळ्याच नजरेनं बघतील.

अण्णांच्या पद्धतीत एकच खोट होती. ती पद्धत अण्णांबरोबर रजेवर जायची. ते धर्मस्थळाला गेले आणि फोन लागेनासा झाला की तीस वर्षांचा कारभार ठप्प. अशाच एका यात्रेच्या मुहूर्तावर ऑफिसच्या दोन सरांपैकी धाकट्या सरांनी डॉक्युमेंट मॅनेजमेंट सिस्टिम घ्यायचं ठरवलं.

विकायला आलेला गृहस्थ टायबिय लावून आला होता. त्यानं पडद्यावर 'इन्व्हॉइस' टाइप केलं आणि क्षणात इन्व्हॉइस हजर. सगळे थक्क. मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसला. त्या डेमोत मुळात होते किती कागद? पाच-दहा. तेवढ्यांत तर मोठ्या सरांनाही चष्म्याशिवाय सापडलं असतं. पण खरेदीच्या वेळी असले विचार कोणाला सुचत नाहीत.

मग स्कॅनिंग सुरू झालं. ते आर्टिकल मुलांवर सोपवलं. सीए होण्यासाठी दोन-तीन वर्षं उमेदवारी करणाऱ्या या मुलांना कायदा आर्टिकल असिस्टंट म्हणतो, ऑफिस नुसतंच आर्टिकल म्हणतं. मानधन असं की त्यात चामराजपेट ते घर हा प्रवास आणि मधे एक मसाला डोसा बसावा. या मुलांनी तीस वर्षांचे कागद मशीनखालून काढले. काही कागदांना मशीननंच नावं दिली: स्कॅन शून्य शून्य सत्तेचाळीस. काहींना मुलांनी दिली: 'लीज', 'लीज न्यू', 'लीज न्यू फायनल', 'लीज फायनल साइन्ड', 'हेच वापरा' आणि 'हे वापरू नका'. अनुभवानं सांगतो, खरा कागद बहुधा शेवटच्या नावाखाली असतो.

प्रत्येक कागद आत घालताना सिस्टिम एक फॉर्म भरून मागते. कागदाचा प्रकार, अशिलाचा कोड, तारीख, किती वर्षं जपायचा, शोधण्यासाठी शब्द. यातला कुठलाही रकाना रिकामा सोडून पुढे जाता येत नाही. विकणाऱ्याला हा मोठा गुण वाटत होता. त्याला आर्टिकल ठाऊक नव्हते. कागदाचा प्रकार निवडायला एक यादी उघडते आणि ती एबीसीडीच्या क्रमानं असते. तिच्यात सगळ्यात वर आहे अ‍ॅफिडेव्हिट. दिवसाला गठ्ठेच्या गठ्ठे संपवायचे असलेला मुलगा यादीत खाली कशाला उतरेल? परिणामी आमच्याकडे भाडेकरार हे अ‍ॅफिडेव्हिट आहे, विजेचं बिल अ‍ॅफिडेव्हिट आहे, आणि मोठ्या सरांच्या षष्ट्यब्दीची निमंत्रणपत्रिकाही अ‍ॅफिडेव्हिट आहे. खरोखरची अ‍ॅफिडेव्हिटं मात्र 'इतर' या सदरात सापडतात, कारण ती एका प्रामाणिक मुलीनं घातली होती आणि इतक्या अ‍ॅफिडेव्हिटांच्या गर्दीत आपली बसणार नाहीत असं तिला वाटलं.

तारखेचंही तसंच. पुष्कळशा संगणकांचं कालगणन १ जानेवारी १९७० पासून सुरू होतं. त्यामुळे तारीख चुकीची पडली किंवा शून्य गेली की कागदावर तोच दिवस उमटतो. आमच्या सिस्टिमवर विश्वास ठेवायचा तर नगरथपेटेतल्या निम्म्या व्यापाऱ्यांनी त्याच एका दिवशी दुकानं भाड्यानं घेतली, विकली, वाटण्या केल्या आणि जीएसटीचा नंबरही काढला. कायदा २०१७ चा. मला यात काही नवल वाटलं नाही. आमच्या गावाकडे एका पिढीचे सगळे वाढदिवस १ जूनला येतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहून टाकली. रकाना भरायचाच असेल तर माणूस भरतो. खरं लिही असं रकान्यात कुठे म्हटलेलं असतं?

शोधशब्दांच्या चौकटीत मुलं आधी टिंब द्यायची. सिस्टिमनं किमान तीन अक्षरं हवीत असा आग्रह धरल्यावर एबीसी द्यायला लागली. एबीसी शोधायचं असेल तर आमची सिस्टिम फार उत्तम चालते.

या पार्श्वभूमीवर विट्याच्या एका गलाईवाल्या शेठना बँकेनं कर्जासाठी कागद मागितले. १९९४ चा दुकानाचा लीज आणि त्याला नंतर जोडलेली एक पुरवणी. लीज सापडला. पुरवणीसाठी पुन्हा 'लीज' टाकून शोधलं, तर पडद्यावर हजारोंनी पत्रं आली, आणि वरच्या पानावर कॅन्टीनवाल्याची चिठ्ठी: दुधाचे पैसे द्यावेत, प्लीज. सिस्टिम शब्दाच्या पोटातलाही शब्द पकडते. प्लीजमध्ये लीज आहे, रिलीजमध्ये लीज आहे. ऑफिसात ज्यानं ज्यानं कधी नम्रतेनं पत्र लिहिलं तो प्रत्येक जण हजर झाला. उद्धटपणे लिहिलेली पत्रं तेवढी बाजूला राहिली. दुर्दैवानं पुरवणी त्यांतही नव्हती.

अशा याद्यांत कुठला कागद वर यावा याचं एक शास्त्र आहे आणि ते फार देखणं आहे. केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलं की जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याला वजन जास्त, जो सगळीकडे येतो त्याला कमी. आजही शोधयंत्रांच्या पोटात हे तत्त्व काम करतं. म्हणजे चामराजपेटच्या ऑफिसात 'बंगळूर' या शब्दाला किंमत शून्य, आणि पुण्यातल्या ऑफिसात कुलकर्णी शोधणाऱ्यानं घरी जावं. शेठच्या फाइलमध्ये असा एखादा दुर्मीळ शब्द असता तर काम झालं असतं. पण वकील मंडळी दुर्मीळ शब्द वापरत नाहीत. ती एकच मजकूर तीस वर्षं वापरतात आणि फक्त नावं बदलतात. कधीकधी तीही बदलायची राहतात.

खरी गोम मात्र पुढे आहे. १९८५ साली ब्लेअर आणि मॅरन या दोन अमेरिकन संशोधकांनी एका मोठ्या खटल्याच्या कागदांवर प्रयोग केला. सुमारे ४०,००० कागद, साडेतीन लाखांच्या आसपास पानं, सगळी संगणकात, अक्षर न् अक्षर शोधता येईल अशी. वकिलांना खात्री होती की लागणारे पाऊणशे टक्के कागद आपल्या हाती आलेत. तपासलं तर जेमतेम वीस टक्के आले होते. कारण साधं होतं. खटला होता अपघाताचा आणि वकील शोधत होते 'अपघात'. ज्यांच्या अंगावर प्रकरण शेकणार होतं त्यांनी तो शब्द लिहिलाच नव्हता. त्यांच्या पत्रांत 'ती घटना' होती, 'परिस्थिती' होती, 'अडचण' होती.

हे वाचून मला अमेरिकेविषयी प्रथमच आपुलकी वाटली. आपल्याकडे तर ही कला राजमान्य आहे. पूल पडला तरी सरकारी पत्रात 'सदरहू बाब' असते. पैसे खाल्ले तर 'अनियमितता'. मारामारी झाली तर 'अनुचित प्रकार', आणि कोणाचीच चूक नाही असं ठरलं की 'उपरोक्त विषयान्वये'. असा पत्रव्यवहार कुठल्याही सिस्टिममध्ये भरून ठेवा, पूल कधी सापडणार नाही. कागद लिहिणारा माणूस लपवायला बसलेला असतो आणि शोधणाऱ्याला वाटतं यंत्र काढून देईल.

आमच्या धंद्यात तर सगळ्यांत महत्त्वाच्या कागदाचं नाव कोणी घेतच नाही. आयकर खात्याची नोटीस आली की ऑडिटवाले तिला लव्ह लेटर म्हणतात. बंगळूरपासून नागपूरपर्यंत हीच भाषा. आर्टिकल मुलांनी तिचं हेच नाव सिस्टिममध्ये ठेवलं. एका सकाळी मोठ्या सरांनी स्वतःच्या हातानं 'नोटीस' टाइप केलं. उत्तर आलं, एकही कागद नाही. सर खूश झाले. इतकी वर्षं धंद्यात आहे, म्हणाले, असा दिवस पाहिला नव्हता. मग कोणीतरी हळूच योग्य तो शब्द टाकला आणि यादी खाली-खाली जातच राहिली. शीर्षकंही मासलेवाईक होती: 'लव्ह लेटर शेठ', 'लव्ह लेटर शेठच्या बायकोला', 'लव्ह लेटर रिप्लाय अर्जंट'. सरांनी यादी वाचली, एसी बंद केला, परत चालू केला आणि दुपारी लवकर घरी गेले.

नावांचा घोळ तर विचारू नका. आमचे मराठा अशील गावी पाटील, जाधव, मोहिते असतात. इथे दोन पिढ्या राहिले की नावापुढे राव लागतं, आधी बापाच्या नावाचं किंवा गावाचं एक अक्षर लागतं, आणि आडनाव कधी जातं कधी राहतं. याचा सगळ्यांत मोठा दाखला याच शहरानं दिलाय. १९५० साली बंगळुरात मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, पुढे याच शहराच्या बसमध्ये कंडक्टर. सिस्टिममध्ये गायकवाड शोधा, तिकिटांचा हिशेब मिळेल. राव शोधा, निम्मं बंगळूर मिळेल. रजनीकांत शोधलंत तर सिस्टिम बंद पडेल, कारण सगळे आर्टिकल तेच शोधत असतात. गावाचंही असंच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारनं इंग्रजीतलं बँगलोर बदलून बेंगळुरू केलं. आनंदच आहे. पण यंत्राच्या लेखी त्या रात्री एक शहर संपलं आणि दुसरं उगवलं. दोघांचे कागद दोन ठिकाणी.

जुने कन्नड कागद नुडी किंवा बरहाच्या जुन्या फाँटात आणि सांगलीहून येणारे मराठी कागद श्रीलिपीत. डोळ्यांना अक्षर कन्नड दिसतं, मराठी दिसतं. आत यंत्राकडे मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा खच. त्यामुळे शोधून मिळत नाहीत. त्यावर बोलून उपयोग नाही, पुढे जाऊ.

तर पुरवणी. एकदा ती सापडल्यासारखी झाली. यादीत नाव दिसलं, तारीख अर्थातच १ जानेवारी १९७०, आणि उघडायला गेलं तर लाल चौकट: हा कागद पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही, मालकाशी संपर्क साधा. मालक म्हणजे ज्यानं तो आत घातला तो आर्टिकल. तो परीक्षा पास होऊन दुबईला गेला. धाकट्या सरांनाही परवानगी नव्हती, आणि सर तर सिस्टिमचे मालक. कागदपत्रांच्या जगात हा अनुभव जुनाच. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे आयुष्यभर गावोगाव दप्तरं धुंडाळली. त्या काळी घराण्याची दप्तरं बाळगणारे कित्येक जण कागद वाचतही नसत आणि दुसऱ्याला दाखवतही नसत. काहींकडे तर ते वाण्याच्या पुड्यांसाठी जायचे. परवानगी नाकारायला लाल चौकट तेव्हा लागत नव्हती, ओसरीवर बसवून ठेवलं की पुरे.

दुबईला फोन लावला. मुलगा भला निघाला. म्हणाला, "सार, पासवर्ड सांगतो, पण त्यात पुरवणी नाहीये. ती माझी मार्कशीट आहे. सेफ राहावी म्हणून ठेवली होती."

बंगळुरात बसून अशी दुर्दशा व्हावी हे वाईटच. ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आद्य पुरुष एस. आर. रंगनाथन हे आमच्या चामराजपेटेच्याच वयाचे, जन्म १८९२. मूळचे गणिताचे मास्तर, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि आयुष्याची अखेरची वर्षं याच शहरात राहिले. कागदपत्रं कशी लावावीत आणि शोधावीत हे शिकवणारी संस्था, डीआरटीसी, त्यांनी १९६२ साली इथेच सुरू केली. कोणताही विषय त्यांनी पाच अंगांनी फोडला: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काळ. शेठची पुरवणी त्यात सहज बसते. व्यक्तित्व शेठचं, द्रव्य सोनं, अवकाश नगरथपेट, काळ १९९४ नंतरचा, आणि ऊर्जा आमची, जी यात खर्च झाली. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. तो आमच्याकडे लागू होत नाही. पाचवा, ग्रंथालय ही वाढणारी सजीव संस्था आहे. हा मात्र आम्ही अक्षरशः पाळतो, आणि वाढीची कृती रंगनाथनांनाही सुचली नसती अशी आहे.

ती कृती अशी. कागद सापडला नाही की माणूस काय करतो? ज्याचा कागद त्यालाच फोन करतो. "शेठ, तेवढी कॉपी परत पाठवा ना." शेठ दुकानात उभे, हातात मूस. ते पोराला सांगतात, पोरगं मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं. फोटोत कागद आहे, कागदाखाली काउंटर आहे, एका कोपऱ्यात पोराचा अंगठा आहे. आमच्या मॅडम त्याचा प्रिंट काढतात. आर्टिकल त्यावर शिक्का मारतो, सही घेतो, स्कॅन करतो आणि सिस्टिममध्ये चढवतो. प्रकार, अ‍ॅफिडेव्हिट. तारीख, नेहमीची. काम भागतं. पुढच्या वर्षी तोच कागद परत लागतो. आता शोधलं तर दोन प्रती, त्यातली सही कुठल्या प्रतीवर खरी आणि अंगठा कुठल्या प्रतीवर पोराचा हे कळत नाही. संशय आला की परत फोन, परत फोटो. तीन प्रती झाल्या. न सापडणारा प्रत्येक कागद दर वर्षी असा एकेक पिल्लू घालतो. कागद जितका महत्त्वाचा तितका जास्त वेळा लागतो, जितका जास्त वेळा लागतो तितका जास्त वेळा सापडत नाही, आणि जितका सापडत नाही तितका वाढतो. बिनमहत्त्वाचे कागद एकेकच आहेत आणि पहिल्या झटक्यात मिळतात. कॅन्टीनवाल्याची ती चिठ्ठी मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन.

जागा भरत आली की विकणारा गृहस्थ येतो, टाय लावूनच, आणि जास्त जागा विकून जातो. तो आम्हाला आदर्श ग्राहक म्हणतो.

हा रोग आमच्याच ऑफिसचा आहे असंही नाही. या शहराचे महापालिकेचे वॉर्ड १९८ होते, मग २४३ करायचं ठरलं, मग २२५, आणि २०२५ मध्ये महापालिकाच पाच झाल्या. घराचा ई-खाता, म्हणजे मालमत्तेची नोंद, काढताना आधी वॉर्ड विचारतात. घर जागचं हललेलं नाही, पत्ता फोर्थ मेनच आहे, पण तुम्ही कुठे राहता याचं उत्तर कुठल्या वर्षी विचारताय त्यावर अवलंबून.

अखेर धाकट्या सरांनी उपाय शोधला. आता म्हणे कागद शोधायचे नाहीत, कागदांशी बोलायचं. एआय. पडद्यावर एक चौकट, तिला प्रश्न विचारायचा, ती सगळे कागद वाचून उत्तर देणार. पहिला प्रश्न मोठ्या सरांचा. त्यांनी अदबीनं लिहिलं: १९९४ च्या लीजची पुरवणी कुठे आहे, प्लीज. चौकटीनं जराही न अडखळता सांगितलं की सदर पुरवणी १९९४ च्या लीजला जोडलेली असून तिचा तपशील पुरवणीत पाहावा. सगळे एकमेकांकडे बघू लागले. उत्तरात खोट काढता येत नव्हती. अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी हळूच विचारलं, "हा कुठल्या डिपार्टमेंटमधून रिटायर झाला सार?"

पुढच्या सोमवारी विट्याचे शेठ स्वतः आले. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत दिवाळी अंकाच्या पानात गुंडाळलेली मूळ पुरवणी, स्टॅम्पपेपरवर, सह्यांसकट. गावाकडच्या ट्रंकेत मिळाली म्हणाले, आईच्या पातळाखाली. मोठ्या सरांनी दोन्ही हातांनी घेतली. बँकेचं काम त्याच दुपारी झालं. निघताना शेठ जिन्यात थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, एक विनंती हाय. वरिजनल तुमच्याकडंच ठिवा. आमच्याकडं घरात कागद सापडत न्हाईत."

अण्णांनी कागद घेतला आणि आत निघाले. धाकट्या सरांनी अडवलं, आधी स्कॅन. नवा आर्टिकल पुढे सरसावला, मशीनखालून कागद काढला आणि फॉर्म उघडला. त्याला शिकवलं होतं की जुन्या कागदाची नवी प्रत असेल तर वेगळी चढवायची नाही, 'नवी आवृत्ती' हा पर्याय घ्यायचा, म्हणजे पिल्लं वाढत नाहीत. त्यानं तो घेतला. सिस्टिमनं आधीच्या प्रतीचा नंबर मागितला.

"सार, आधीचा नंबर कुठे मिळेल?"

"सर्चमध्ये बघ की."

तो सर्चमध्ये गेला. त्याला शोधू दिलं आणि मी अण्णांबरोबर खाली बाय टू कॉफी घ्यायला गेलो.